पेट्रोलचा काटा

आमच्या घरी काँटेसा आहे म्हटलं की पन्नाशीच्या पुढचे लोक लगेच खुर्ची पुढे ओढतात. इंग्लंडमधली व्हॉक्सहॉल व्हीएक्स १९७८ साली बंद झाली. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने आणले आणि १९८४ च्या सुमारास उत्तरपाड्यातून काँटेसा निघाली. लांब बॉनेट, रुंद बूड. हौशी लोक तिला भारताची मसल कार म्हणतात. आमची १९८६ ची, म्हणजे आत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. मसल होती ती सगळी पत्र्यात. इसुझुचं दमदार इंजिन नंतर आलं, पण तोपर्यंत आमची गाडी तयार होऊन कोणाच्या तरी दारात उभी होती. बाबांनी ती १९९५ मध्ये सेकंडहँड घेतली.

बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. राहायला आम्ही बदलापूरला. मापात बसेल तेच खरं, शिक्का असेल तेच अस्सल, हा त्यांचा स्वभाव कामावरून घरी आला होता. त्यामुळे उल्हासनगरबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. लष्कराच्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या माणसांनी रिकाम्या बराकींतून बाजार उभा केला, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, हे त्यांना माहीत होतं. पण विनोद सांगताना त्याची आठवण कुणाला होते?

तरी गाडीच्या वायरिंगसाठी ते उल्हासनगरलाच जात. कॅम्प चारमध्ये लालचक्कीजवळ एक ऑटो इलेक्ट्रिशियन होते. बाबा त्यांना साईं म्हणत, ते बाबांना साहेब. दोघांचं चांगलं जमायचं.

१९९८ च्या फेब्रुवारीत मीटरमागचा दिवा गेला. साईंनी डॅशबोर्ड खोलून तो बदलला आणि दीडशे रुपये घेतले. घरी आल्यावर बाबांनी सवयीप्रमाणे काम तपासलं. पेट्रोलच्या मीटरला जाणाऱ्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, तर तो लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. लूज कनेक्शन! साईंना विचारलं तर ते म्हणाले, "साहेब, कंपनी ने ऐसाही दिया है." कोणती कंपनी मुद्दाम लूज कनेक्शन देईल? बाबांनी रविवारी स्वतः बसून ते दुरुस्त केलं. दिवा एकसारखा लागू लागला.

मार्चमध्ये ताईचा बारावीचा फिजिक्सचा पेपर होता. काटा पाव टाकीच्या वर होता. अंबरनाथला फॉरेस्ट नाक्याच्या अलीकडे गाडी आचके देत थांबली. पेट्रोल संपलं होतं. रिक्षा मिळून ताई केंद्रावर पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली होती. संध्याकाळी बाबा मला घेऊन लालचक्कीला गेले. मी तेव्हा नववीत होतो. चार गिऱ्हाइकांसमोर ते साईंना म्हणाले, "डुप्लिकेट माल घालता आणि वर कंपनीचं नाव सांगता. चोर आहात." साईं काहीतरी सांगू पाहत होते, बाबांनी सांगू दिलं नाही. साईंनी गल्ल्यातून दीडशे रुपये काढून काउंटरवर ठेवले. बाबांनी ते उचलले. मला आजही ते उचलणं आठवतं, शब्दांपेक्षा जास्त.

त्यानंतर गाडी फारशी चालली नाही. गेल्या वर्षी मी ती पुन्हा उभी करायला घेतली. एका मित्राने जुन्या व्हॉक्सहॉलच्या वायरिंगच्या नकाशाची झेरॉक्स दिली. मीटरच्या आधी एक छोटा चौकोन काढलेला होता, आणि आमच्या मीटरच्या पाठीला तशीच पत्र्याची डबी सापडली. व्होल्टेज स्टॅबिलायझर.

हे प्रकरण मजेदार आहे. गाडी उभी असते तेव्हा बॅटरी बारा व्होल्ट देते, इंजिन जोरात फिरलं की चौदाच्या आसपास. मीटर सरळ जोडला तर ॲक्सिलरेटर दाबताच टाकीत पेट्रोल वाढलेलं दिसेल. म्हणून त्या डबीत दोन धातूंची एक पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार. तार तापली की पट्टी वाकते, करंट तुटतो. थंड झाली की पुन्हा जोडतो. या उघडझापीची सरासरी दहा व्होल्टची पडते. काट्याचा मीटरही तापूनच हलणारा आणि सुस्त असतो, त्यामुळे त्याला ही उघडझाप कळतच नाही. टेस्ट लॅम्पला मात्र कळते.

पट्टीभोवतीची तार तापायला डबीला अर्थ लागतो. आमच्या डबीची अर्थची काळी वायर सुटलेली होती. तुटलेली नव्हे, सोडवलेली. टोकाला काळी कापडी टेप, एकावर एक अर्धी चढवत घट्ट गुंडाळलेली, शेवटी दोऱ्याची गाठ. अशी टेप आमच्या घरात इस्त्रीच्या वायरपासून पंपापर्यंत सगळीकडे आहे. अर्थ नसला की तार तापत नाही, उघडझाप थांबते, दिवा एकसारखा लागतो. आणि मीटरला पूर्ण बारा-चौदा व्होल्ट मिळून काटा खरं असेल त्याहून वर दिसतो.

मी अर्थ जोडला. मग दोन दिवस कोणाला काही बोललो नाही.

साईंच्या दुकानात आता जीन्स शिवतात. मुलगा बघतो, ते मागे बसलेले असतात. काँटेसा म्हटल्यावर ओळखलं. मी सगळं सांगितलं. "मैं वही बोल रहा था, अर्थ देखो," ते म्हणाले. दीडशे रुपये पुढे केले तर हसले आणि चहा मागवला.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टेस्ट लॅम्प मागितला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस स्टिअरिंगखाली वाकून ती उघडझाप बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "पैसे घेतले का त्यांनी?"

"नाही."

पुढच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन लालचक्कीला गेलो. बाबांनी मला खाली उतरवलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर सरकून बसले. दुकानात जाईनात. साईंच बाहेर आले, खिडकीतून आत वाकले. बाबांकडे न बघता त्यांनी आधी मीटरकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "चावी घुमाओ."

बाबांनी चावी फिरवली.