ओझे आणि वाट

वडिलांचे सागवानी कपाट वाड्यातून हलविताना मी हमाल मोजले. जिन्याचे वळण मोजले नाही. अडकलेले कपाट अखेर करवतीने कापावे लागले. तेव्हापासून अवजड सामानाच्या प्रवासाच्या हकीकती मी विलक्षण आस्थेने वाचतो. तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्रासाठी 70 टनांचे एक अखंड यंत्र 2019 च्या जुलैत महाराष्ट्रातून निघाले, ते 2020 च्या जुलैत पोहोचले. दिवसाकाठी जेमतेम 5 किलोमीटर! (मध्यंतरी टाळेबंदीही आड आली.) मला मात्र हसू येईना. वजन 74 चाकांवर विभागता येते. उंची-रुंदी कशावर विभागावी? म्हणून कोठे विजेच्या तारा काढल्या, कोठे झाडे तोडली, कोठे रस्त्याची डागडुजी केली. कापावयाचे ते वाटेतले कापले. ओझ्याला करवत लावली नाही. मी नेमके उलटे केले, आणि आई दारात उभी राहून ते मुकाट्याने पाहत होती.