चार दिवसांची अकरा वर्षे

माझ्या आईचे आणि माझे आयुष्यात फारसे कधी बिनसले नाही. सेमिनरीत जाण्याचा निर्णय मी घरी सांगितला तेव्हासुद्धा तिने पदराने डोळे पुसले आणि मुकाट्याने ट्रंकेत माझे कपडे भरायला घेतले. मात्र एका बाबतीत आम्हां मायलेकरांचे जवळजवळ अकरा वर्षे पटले नाही. ती बाब म्हणजे 'चार दिवस सासूचे' ही दूरचित्रवाणीवरील मालिका. वाचकांना हसू येईल; पण घरोघरचे मतभेद बहुधा असल्याच क्षुल्लक बियाण्यातून रुजतात, हे पाव शतकाहून अधिक काळ धर्मग्रामात घालवलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको.

ही मालिका ई टीव्ही मराठी वाहिनीवर नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली आशालता देशमुख ही सासू आणि कविता लाड यांची अनुराधा ही सून, या दोन नावांभोवती मराठी घरांतील कितीतरी संध्याकाळी फिरत राहिल्या. हट्टंगडीबाई म्हणजे १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातील कस्तुरबा. त्यांच्या अभिनयाविषयी तक्रार करण्याचे धाडस मी करणार नाही. माझी तक्रार होती ती लांबीविषयी. आपल्याकडे म्हण आहे ती 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' अशी. दोघींच्याही वाट्याला चारच दिवस, आणि त्यातल्या एकीचे सरल्याशिवाय दुसरीचे सुरू व्हायचे नाहीत. म्हणजे म्हण रचणाऱ्याने शेवट म्हणीतच ठेवून दिला आहे. मालिकेने शीर्षकापुरता पूर्वार्ध उचलला आणि ते चार दिवस अकरा वर्षे पुरवले!

माझी पिढी शेवट असलेल्या मालिकांवर वाढली. 'हम लोग' १९८४ च्या जुलैत सुरू झाली आणि दीड वर्षाने, १९८५ च्या डिसेंबरात, आटोपली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत आणि निरोप घेत. त्या काळी दूरदर्शन तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मालिकांना मंजुरी देत असे. तेरा, सव्वीस, बावन्न असा तो पाढा होता. लेखकाला पहिले पान लिहितानाच शेवटचे पान कुठे येणार याचा अंदाज असे. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, मालिका साप्ताहिकाच्या दैनंदिन झाल्या आणि हा पाढा मोडला. जाहिराती मिळत आहेत आणि दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे बरे आहेत, तोवर कथा संपवायची नाही, असा नवा नियम झाला. मग कथेला वळण म्हणून अपघात येतात, स्मृती जाते, मेलेला परततो, आणि काहीच सुचेनासे झाले की एका रात्रीत पंधरा वर्षे उलटतात. कालच्या भागात पाळण्यात असलेले मूल आज लग्नाला उभे!

अर्थात सगळा दोष वाहिन्यांच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. रामानंद सागर यांच्या 'रामायणा'ला आधी बावन्न भागांची मंजुरी होती. ते अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत वाढले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ असा तो काळ. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. सुट्टीत गावी आलो की आठच्या मिस्सानंतर लोक चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळायचे सोडून लगबगीने पांगताना दिसत, कारण साडेनऊला टीव्ही लावायचा असे. राज्याभिषेकाने मालिका संपणार असे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला आणि उत्तरकांडही दाखवावे अशी मागणी केली. पुढे ते दाखवले गेले. शेवट साऱ्या देशाला शतकानुशतके पाठ होता, तरी तो कुणाला नको होता. प्रेक्षकालाच शेवट नको असतो, ही गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. मला ती फार उशिरा कळली.

बाबा गेले १९९९ मध्ये. त्यानंतर घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले राहिली. आई आणि वहिनी यांच्यात उघड भांडण असे कधी नव्हते. भांडण असते तर मिटवता तरी आले असते. दोघींमध्ये एक थंड शिष्टाचार होता. 'आई, जेवायला वाढलंय.' 'ठेव, येते.' यापलीकडे संभाषण जात नसे. विहिरीवरचे काम एकीचे, चुलीपाशचे दुसरीचे. वाडीतली केळी बाजारात धाडायची की आणखी दोन दिवस ठेवायची, हा प्रश्नसुद्धा भावाच्या मार्फत विचारला जाई. मी महिन्यातून एकदा घरी जात असे. दोघीही आपापले गाऱ्हाणे मला स्वतंत्रपणे सांगत आणि मी दोघींनाही एकच उपदेश करत असे. तो उपदेश काय होता, ते आता माझे मलाही आठवत नाही. यावरून त्याची योग्यता कळावी.

ही मालिका सुरू झाली आणि तिने प्रथम आमच्या घरच्या जपमाळेची वेळ खाल्ली. तिन्हीसांजेची प्रार्थना आधी सरकली, मग आखडली. मी रागावलो. मी तेव्हा एका मोठ्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो आणि नव्या नवलाईच्या उत्साहात होतो. प्रवचनातून मी मालिकांचा समाचार घेतला. घरी येऊन आईलाही सुनावले, "आई, ही गोष्ट कधीच संपून गेलीय. आता नुसतं दळण चाललंय."

आई म्हणाली, "दळण रोजच लागतं, बाळा."

माझ्या त्या प्रवचनानंतर एक वृद्ध गृहस्थ पवित्रालयात आले आणि अतिशय नम्रतेने म्हणाले, "फादर, मालिकेबद्दल बोललात ते पटलं. पण आजचं प्रवचन बत्तीस मिनिटं झालं." सेमिनरीत आमचे प्रवचनशास्त्राचे प्राध्यापक सांगत की शेवटचे वाक्य आधी लिहा, मग पहिले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले होते.

२००९ च्या पावसाळ्यात आई ओट्यावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. मी शक्य तितक्या वेळा जात होतो. एका संध्याकाळी मला पोहोचायला उशीर झाला. खोलीच्या दारातून आवाज ऐकू आला तो वहिनींचा. त्या बोलत होत्या आणि आई ऐकत होती. आदल्या दिवशीचा भाग त्या आईला सांगत होत्या. नुसती गोष्ट नव्हे. कोण कोणाला काय म्हणाले, कोणती साडी नेसली होती, कोणत्या प्रसंगी कोणाचा चेहरा कसा झाला, हे सारे हातवाऱ्यांसह चालले होते. मध्येच आई म्हणाली, "तिचं चुकलंच." वहिनी म्हणाल्या, "पण आई, सासूनं एवढं तोडून बोलायला नको होतं. माणसाच्या मनाला लागतं." त्यावर क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आई म्हणाली, "हो. लागतं ते खरं. म्हातारपणी जिभेला लगाम राहत नाही."

मी दारातच थांबलो. दहा वर्षे त्या दोघी माझ्या मार्फत जे एकमेकींना सांगू पाहत होत्या, ते आशालता आणि अनुराधा यांच्या मार्फत केव्हापासून सांगत होत्या, कोण जाणे. शेजारच्या खाटेवरची बाईही उशीवर कोपर टेकून ऐकत होती. मी आत गेलो. मला पाहताच वहिनी उठून उभ्या राहिल्या, आईने चादर सावरली आणि दोघी पुन्हा गप्प झाल्या. मी प्रार्थना म्हटली, आशीर्वाद दिला, औषधांची चौकशी केली. त्यानंतर काय बोलावे ते मला सुचेना.

माझे मत मात्र त्या दिवसाने बदलले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आई घरी परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात वहिनी तापाने आजारी पडल्या आणि त्यांचे पंधरा दिवस मालिकेकडे लक्ष नव्हते. उठून बसल्यावर पाच मिनिटांत त्यांना सगळे कळले. पंधरा दिवसांत तिथे काही घडलेच नव्हते! ज्या कथेतून पंधरा दिवस काढून घेतले तरी काही उणे होत नाही, तिला कथा कशाला म्हणायचे? ती सहा-सात वर्षे आधी, माणसे अजून माणसांसारखी वागत होती तेव्हा, संपायला हवी होती, असे मला त्या वेळी वाटे आणि आजही वाटते. गोष्टीला शेवट असतो म्हणूनच मधल्या प्रसंगांना अर्थ येतो. शेवटच नसला की पश्चात्ताप आणि क्षमा हेसुद्धा तात्पुरते प्रसंग होतात. सोमवारी क्षमा केलेली सून गुरुवारी पुन्हा अपराधी ठरते. क्षमेची इतकी थट्टा मला सोसत नाही, कदाचित माझ्या पेशामुळे असेल.

२०१२ मध्ये झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लागली. जानेवारीत सुरू झालेली ही मालिका ऑगस्टमध्ये, लोकप्रियता असतानाच, संपवण्यात आली. मला फार समाधान वाटले. फोनवर आईला म्हणालो, "बघ, असं वेळेवर उठून जाता आलं पाहिजे."

"पाहुणे चहा न घेता गेल्यासारखं वाटलं," आई म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी थकलेला होता. मला तो जाणवला, पण मी वादाच्या भरात होतो.

ऑक्टोबरमध्ये आई गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावरच होती आणि मालिका चालू असताना बहुतेक वेळ तिचा डोळा लागलेला असे, हे मला मागाहून समजले. वहिनी टीव्हीचा आवाज कमी करत, पण बंद करत नसत. बंद केला की ती जागी होई.

जानेवारीत मालिका संपली. त्यानंतरच्या रविवारी मी घरी गेलो होतो. आईची खुर्ची तिच्या जागी होती. मी वहिनींना सहज विचारावे तसे विचारले, "मग, शेवट कसा झाला?"

"बरा झाला," त्या म्हणाल्या. भांडी आवरता आवरता थांबल्या आणि पुढे म्हणाल्या, "पाहून झालं, आणि सवयीनं मागं वळले, फादर. आईंना विचारायला, की पटलं का."

आम्ही दोघेही थोडा वेळ त्या खुर्चीकडे पाहत राहिलो. ती अडीच महिने आधी संपली असती, तर? हा प्रश्न माझ्या मनात आला आणि त्याचे मला नवल वाटले. कारण अकरा वर्षे मी हीच मागणी करत होतो, फक्त माझे कारण वेगळे होते. आईला शेवट पाहायला मिळाला नाही. पण ती त्यावाचून हळहळत गेली असेही मला म्हणता येत नाही. तिला शेवट हवाच होता की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. मी फक्त माझे मत सांगत राहिलो.

आता वहिनीच सासूबाई झाल्या आहेत. गेल्या नाताळात घरी गेलो तेव्हा संध्याकाळी त्या एकट्याच टीव्हीपुढे बसल्या होत्या. सून कोपऱ्यात मोबाईलवर आपली वेगळी मालिका कानात बोंडे घालून पाहत होती. मुलगी गुणी आहे, नोकरी करून घर सांभाळते. दोघींमध्ये भांडण असे काही नाही.

"कुठली मालिका?" मी वहिनींना विचारले.

त्यांनी नाव सांगितले. "काही राम नाही हो तिच्यात, फादर. कधीच संपायला हवी होती."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "कालच्या भागात काय झालं, ते सांगा."