आईच्या कबरेचा दगड

आईला माती देऊन महिना झाला नाही तोच नातेवाईक विचारू लागले, "दगड कधी बसवताय?" कबरस्तान सांभाळणारे मामा मात्र म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या, ताई. माती बसू द्या." नगरकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घाईने बांधलेल्या कितीतरी कबरी तिथे एका अंगाला कलल्या आहेत. आम्ही थांबलो, म्हणूनच आईची खरी जन्मतारीख सापडली.

शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख १ जून. तिच्या पिढीत असे किती तरी जण. नाव घालताना गुरुजी तीच लिहून टाकायचे. पुढे पेन्शनच्या कागदांवर, आधारवर, मृत्यूच्या दाखल्यावरही तीच उतरली. भाऊ म्हणाला, "कागदोपत्री आहे तीच कोरू." माझं मन घेईना. आपण नाताळाच्या तोंडावर जन्मलो, हे आईनेच आम्हाला सांगितलं होतं.

अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ सालापासूनचं. जुन्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या असतात. पाळकसाहेबांनी आमच्या मंडळीची वही कपाटातून काढून दिली. पानाच्या कडा चुरत होत्या, पण शाई शाबूत होती. मुलीचं नाव, आईबापांची नावं, गाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि शेजारी जन्म : १९ डिसेंबर १९४१. भावाने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "हीच कोरायची."

बाबांना संगमरवर हवा होता. पण कबरस्तानातल्या जुन्या संगमरवरी पाट्यांवरची अक्षरं पावसाने झिजून पुसट झालेली त्यांनी स्वतः पाहिली आणि काळ्या ग्रॅनाइटला होकार दिला. आता टाकी-हातोड्याने कोरणारे कारागीर फार उरले नाहीत. अक्षरांचा चिकट साचा दगडावर लावतात आणि वाळूच्या जोरदार झोताने कोरतात. एकदा वाळू चालली की दुरुस्ती नाही. साच्याआधी आम्ही कागदी प्रत मागितली, तर फॉन्ट बदलताना 'ख्रिस्तवासी'मधलं जोडाक्षर फुटलं होतं आणि एक रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता.

नमुन्याच्या मजकुरात 'शोकाकुल परिवार' आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं होती. ती काढायला लावली. दगड आईचा आहे. तिचं नाव, दोन तारखा, 'परिचारिका' हा शब्द (उभा जन्म तिने रुग्णांची सेवा केली) आणि तिच्या आवडत्या तेविसाव्या स्तोत्राचा नुसता क्रमांक, एवढंच ठेवलं. बाबांनी त्याखाली स्वतःच्या नावापुरती जागा मोकळी ठेवायला सांगितली. तीही ठेवली.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर कारखान्यात जाण्याआधी मंडळीची वही उघडून पाहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वाळू चालण्याआधी कागदावरचं प्रत्येक अक्षर स्वतः वाचा.