कृष्णाकांठचें मेणवली

शनिवार-रविवारची सवड सांपडली असतां मुलांमाणसांसह जावें असें गांव म्हणजे वाईजवळील मेणवली. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, त्यामागें कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट व मेणेश्वराचें देऊळ पाहून मन प्रसन्न होतें. परंतु थांबून पाहण्याजोगी खरी वस्तु म्हणजे तेथील घंटा. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. घंटा लुटींतून आली हें खरें; पण परक्या दैवताची ती आकृति कोणीं खरवडून टाकली नाहीं. शिवालयाच्या सान्निध्यांत ती आजही सुखानें नांदत आहे. जिंकणें आणि जपणें यांतील अंतर मुलांस पुस्तकापेक्षां त्या घंटेपाशींच लवकर उमगेल.