जमिनीलगतची नजर

मनुष्य उभा राहून जग पाहतो. जे त्याच्या डोळ्यांसमोर येते ते त्याला सहज दिसते. जे पायांशी घडते ते बहुधा निसटून जाते. भुईमुगाचेच पाहा. त्याची शेंग मुळाला धरते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचा आरंभ जमिनीच्या वर होतो. पानाच्या बगलेत एक लहानसे पिवळे फूल सकाळी उमलते आणि लवकरच कोमेजते. मग तेथून सुईसारखी आरी निघते, खाली झुकते आणि मातीत शिरते. तिच्या टोकाला, अंधारात, शेंग पोसते. माती कठीण असली आणि आरी आत शिरू शकली नाही, तर ती शेंग कायमची हुकते.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ सालची. ‘फुले प्रगती’सारखे भुईमुगाचे वाण या विद्यापीठाने शेतकऱ्यांना दिले. अशा पिकाची ओळख करून द्यायची, तर शब्दांच्या जोडीला छायाचित्र हवे. परंतु मातीत शिरणारी आरी टिपू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते. उभ्याने चित्र घ्यावे, तर नुसता पाला दिसतो. कॅमेरा मातीवर टेकवावा, तर त्याच्यामागे डोळा न्यावा कसा? ओल्या काळ्या मातीत आडवे पडावे, तर अंगाखाली चार रोपे चिरडतात.

यावर आरसा उपयोगी पडतो. तो ४५ अंशांत तिरपा धरला, की समोरून आलेला प्रकाश काटकोनात वर वळतो. जर्मनीत १९२९ साली निघालेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात वरून खाली पाहण्याची अशीच सोय होती. मात्र एका आरशात डाव्याचे उजवे होते. उजवीकडे झुकलेले रोप डावीकडे झुकलेले दिसते. म्हणून कॅमेऱ्याच्या नेत्रिकेवर बसवायच्या चांगल्या काटकोनी नळीत लोलकाची अशी योजना करतात, की चित्र सुलट दिसावे. आज वर वळणारे पडदेही आहेत. पण भर उन्हात पडदा फिका पडतो, तेव्हा डोळ्याला लावलेली नळीच कामी येते.

शेतात खुरपणाऱ्या बायांना मात्र नळी लागत नाही. त्या मुळातच मातीशी बसलेल्या असतात. आऱ्या जमिनीत शिरू लागल्या, की तेथे खुरपे चालवायचे नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्या जे रोज पाहतात, तेच ही छोटी नळी दूरच्या माणसाला दाखवते. तिचे काम एवढेच. पण ते थोडे नव्हे.