लॉर्ड्‌सवर सौभाग्यवतींसह

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणजे माणसे तिरुपतीला जातात. आम्ही छावणीतली मंडळी गेलो लंडनला, तेही बायकांचे क्रिकेट पाहायला! खाम नदीच्या दोन्ही तीरांवरचे नातेवाईक हसले.

हट्ट सौभाग्यवतींचा. लग्नाआधी ही कॉलेजच्या संघात ऑफस्पिन टाकीत असे. सासरी आल्यावर चेंडू माळ्यावर गेला, तो गेलाच.

23 जुलै 2017, विश्वचषकाचा अंतिम सामना. लॉर्ड्‌सचे मैदान एका अंगाला चांगले आठ फूट उतरते, हे टीव्हीवर समजत नाही. आपल्याकडे असते तर कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडले असते! इथल्या क्लबाने 1998 च्या ठरावापर्यंत बायकांना सभासद करून घेतले नव्हते म्हणे. आज मात्र मैदान खच्चून भरलेले.

इंग्लंडच्या 228 धावा. सांगलीची स्मृती मानधना शून्यावर परतली, तशी हिने दशम्यांचा डबा झाकून ठेवला. मग मुंबईची पूनम राऊत उभी राहिली. 3 बाद 191! हिची बोटे मांडीवर आपोआप फिरकी देऊ लागली. आणि पूनम 86 वर पायचीत झाली. श्रबसोलबाईंनी सहा बळी घेतले. 28 धावांत आपले सात गडी गारद. हार अवघ्या 9 धावांनी.

शेजारच्या इंग्रज आजीबाई मघापासून हिची बोटे न्याहाळीत होत्या. त्यांनी काहीतरी विचारले.

"हो तर! ऑफस्पिन," ही मराठीतच म्हणाली.

मग दोघी माझ्याकडे पाठ करून बराच वेळ हातवाऱ्यांनी बोलत बसल्या. दशम्या मी एकट्याने संपवल्या.