शिबिराकडून सिस्टरकडे

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून खेड्यापाड्यातल्या बायांना वाचवायचं, तर नांदेडहून तज्ज्ञ डॉक्टर आणावेत, मांडव घालावा, मोठं शिबिर भरवावं, असं माझं पक्कं मत होतं. धर्माबादेत अशा शिबिरांसाठी मी मनापासून राबले आहे. सिस्टरने वस्तीत जाऊन बायांशी बोलणं ही मला डॉक्टर मिळेपर्यंतची सोय वाटे. आज मला वाटतं, या कामात सिस्टरच पुढे हवी आणि डॉक्टर तिच्या पाठीशी.

मत पालटायला सुरुवात झाली ती मिरचीच्या हंगामात. आमच्याकडे लाल मिरचीचा बाजार मोठा. देठ खुडायला बाया दिवसभर ओळीने बसलेल्या असतात. तिथे एक सिस्टर आली. नाकाला पदर बांधून ढिगापाशी बसली आणि बोलता बोलता तीही देठ खुडू लागली. कुणाशी मराठीत, कुणाशी तेलुगूत. कॅन्सरचं नाव तिने आधी काढलंच नाही. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसतं का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं का, एवढंच विचारत राहिली. बराच वेळ सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "सिस्टर, तपासायला गेलं की पिशवीच काढून टाकतात म्हणे."

हे वाक्य मला शिबिरात कधीच ऐकू आलं नव्हतं. आणि ही भीती बिनबुडाची नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ते मराठवाड्यातल्या बाया विसरलेल्या नाहीत. सिस्टरने ती भीती उडवून लावली नाही. म्हणाली, "पिशवी काढायची नाही, माय. पिशवीच्या तोंडाला बोळ्याने औषध लावायचं अन् मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढचं बघू." हे औषध म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड. भूल नाही, चिरफाड नाही.

पण एका दुपारच्या भरवशावर मी मत बदललं नसतं. मग बार्शीची माहिती वाचली. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. काम नोंदीचं, पण त्यासाठी गावोगाव जाणारी माणसं लक्षणांबद्दल लोकांशी बोलत राहिली. काही वर्षांतच पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात निदान होणाऱ्या बायांचं प्रमाण वाढलं. नुसत्या बोलण्याने काय होतं, असं मी म्हणत असे; त्याचं उत्तर तिथे मिळालं.

तरी बोलण्यावर थांबूनही चालत नाही, हे मुंबईच्या वस्त्यांमध्ये दिसलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पुढाकाराने 1998 पासून तिथे दीड लाखावर बायांचा अभ्यास झाला. एका गटाला सुरुवातीला एकदा माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहितीबरोबर दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणीही मिळाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दुसऱ्या गटात या आजाराचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याच मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. 1 लाख 31 हजारांवर बाया त्यात होत्या. या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मात्र तिथे मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. म्हणून एचपीव्ही तपासणी आमच्या तालुक्यापर्यंत आलीच पाहिजे, असं मला वाटतं. पण तपासणी कोणतीही असो, बाईला घरातून उठून टेबलापर्यंत यावंच लागतं, आणि आमच्या बाया दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. देशात तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झालेली नाही, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. विषाणूची लागण होऊन कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. एवढा अवधी हाताशी असताना बाई शेवटच्या टप्प्यात दवाखाना गाठते, याचं मला फार वाईट वाटतं.

शिबिराचं महत्त्व मी नाकारत नाही. पण एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू; नवऱ्याबद्दल, पांढऱ्या पाण्याबद्दल बाई माईकसमोर बोलणार नाही. ती ओळखीच्या सिस्टरशी बोलेल, तेही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. म्हणून आता माझी मागणी वेगळी आहे. सिस्टरवरचा कागदपत्रांचा भार कमी करा आणि या कामासाठी आठवड्यातला एक दिवस तिला मोकळा द्या. उपकेंद्रात टेबल, पडदा, चांगला उजेड असू द्या. डाग दिसलेल्या बाईला त्याच दिवशी, नाहीतर ठरलेल्या तारखेला, उपचार मिळू द्या. नाहीतर सिस्टरचा शब्द खोटा पडेल आणि पुढची बाई येणार नाही.

यापुढे शिबिरासाठी कुणी वर्गणी मागितली तर मी देईन. पण आधी विचारेन, मांडव निघाल्यावर या बायांकडे पुन्हा कोण जाणार आहे?